सहा तासांची मर्यादा



पिठाची मर्यादा पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच आणि हिवाळ्यात सात. गाळलेले पाणी एका मुहूर्तापुरते, म्हणजे ४८ मिनिटे. उकळलेले पाणी आठ प्रहर. हे आपल्याला कुठल्या शाळेत शिकवले नाही. आजीचे, सासूबाईंचे बघत बघत हाताला लागले. डब्यात पीठ राहिले आणि दिवस उलटला, तर ते चौक्यात चालत नाही. कितीही महाग गहू असला तरी नाही.

आज मी अशाच एका मर्यादेबद्दल लिहिणार आहे, पण ती स्वयंपाकघरातली नाही. दवाखान्यात स्कॅनच्या आधी शिरेतून जे किरणोत्सर्गी औषध देतात, त्याची आहे. हे औषध दुकानात मिळत नाही. ज्या दिवशी लागते त्याच दिवशी, पहाटे उठून कुणीतरी ते तयार करते. आमच्या घरात ते काम माझी भाची करते, म्हणून मला हे इतके कळले. ती माझ्या नणंदेची मुलगी. बी. फार्म. केले, पुढे या विषयाचे शिक्षण घेतले आणि आता मुंबईतल्या एका रुग्णालयात रेडिओफार्मसिस्ट आहे.

लिहायचे कारण असे. आमच्या सासूबाईंचे वय ७२. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या स्तनाच्या गाठीचे ऑपरेशन झाले. यंदा चातुर्मासात कंबर दुखायला लागली तेव्हा डॉक्टरांनी बोन स्कॅन लिहून दिला. गाठीचा आजार हाडात उतरला आहे का, हे त्यात दिसते. चिठ्ठीवर 'किरणोत्सर्गी औषधाचे इंजेक्शन' हे शब्द वाचले आणि घरात एकदम शांतता झाली. मग प्रश्न सुरू झाले. हे अंगात राहते का? त्यात काय असते, कुणा जिवाचे काही नाही ना? आणि सासूबाईंचा स्वतःचा प्रश्न होता, "पाणी किती वाजेपर्यंत प्यावे लागेल?" त्यांचा सूर्यास्तानंतर चारही आहारांचा त्याग आहे, गेली चाळीस वर्षे. पाणीसुद्धा नाही.

गेल्या वर्षभरात मंडळातल्या तीन-चार जणींच्या घरी असे स्कॅन झाले आणि प्रत्येकीला हेच प्रश्न पडले होते. म्हणून भाचीकडून जे समजले ते क्रमाने सांगते.

या स्कॅनमध्ये सर्वांत जास्त वापरला जाणारा पदार्थ म्हणजे टेक्नेशियम-९९एम. टेक्नेशियम हे मूलद्रव्य १९३७ मध्ये इटलीतल्या पालेर्मो गावी पेरिए आणि सेग्रे या दोघांना सापडले. माणसाने कृत्रिम रीतीने मिळवलेले ते पहिले मूलद्रव्य, म्हणून त्याचे नावही 'कृत्रिम' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ठेवले. त्यातले हे ९९एम दर सहा तासांनी निम्मे होते. सकाळी सहाला शंभर भाग असले तर दुपारी बाराला पन्नास, संध्याकाळी सहाला पंचवीस, मध्यरात्री साडेबारा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहा-सव्वासहा. कुणी वापरो न वापरो, ते आपले विझत जाते. साठवून ठेवता येत नाही, आदल्या दिवशी करून ठेवता येत नाही.

मग ते रोज येते कुठून? त्यासाठी शिशाच्या जाड आवरणात बसवलेले एक यंत्र असते, त्याला जनरेटर म्हणतात. साधारण आपल्या पाच लिटरच्या डब्याएवढे दिसते, पण उचलायला गेले तर हात खाली जातो. आत मॉलिब्डेनम-९९ असते, जे ६६ तासांनी निम्मे होते आणि विझताना त्यातून टेक्नेशियम तयार होते. वरून निर्जंतुक सलाईन सोडले की टेक्नेशियम त्याबरोबर बाहेर येते आणि मॉलिब्डेनम आतच धरून राहते. या खोलीत काम करणारे लोक जनरेटरला गाय म्हणतात आणि या क्रियेला दूध काढणे. सकाळी काढले की पुन्हा भरायला वेळ लागतो, सहा तासांत साधारण निम्मे परत येते. आठवड्याने गायच आटत येते, मग नवी मागवावी लागते. ही युक्ती अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत १९५० च्या दशकाच्या अखेरीस निघाली, वॉल्टर टकर आणि मार्गारेट ग्रीन या दोघांच्या कामातून. त्यातली एक बाई होती हे ऐकून सासूबाईंना विशेष बरे वाटले. आपल्याकडे परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये १९६३ पासून अशा उपचारांचे आणि तपासण्यांचे काम चालते.

भाचीचा दिवस पहाटे सुरू होतो. पहिला रुग्ण आठला असला, तर तिला साडेपाचला खोलीत असावे लागते. अंगठीसारखा एक मोजणारा तुकडा बोटात, छातीवर बॅज, हातमोजे दोन-दोन. समोर शिशाची भिंत आणि त्यात जाड काच, त्याच्या पलीकडे हात घालून काम. आधी दूध काढायचे, मग लगेच तपासायचे की त्यात मॉलिब्डेनम तर उतरले नाही ना. त्याची परवानगी अगदी थोडी आहे, टेक्नेशियमच्या प्रत्येक मिलिक्युरीमागे ०.१५ मायक्रोक्युरी, म्हणजे हजार भागांत एक भागाचा सहावा हिस्सासुद्धा नाही. त्याहून जास्त आले तर सगळे बाद.

पुढे टेक्नेशियमला वाट दाखवणारा सोबती लागतो. नुसते टेक्नेशियम शिरेत सोडले तर ते गळ्यातल्या थायरॉईड ग्रंथीकडे आणि पोटाकडे जाते. हाडाकडे न्यायचे असेल तर एमडीपी नावाच्या फॉस्फेटच्या जातीच्या रसायनाला बांधावे लागते, हृदयासाठी दुसरे, मूत्रपिंडासाठी तिसरे. ही रसायने छोट्या बाटल्यांत कोरड्या भुकटीच्या रूपात येतात. त्यात थोडे कथिलाचे क्षार असतात, त्यांच्यामुळे हा जोड बसतो. कथिलाला हवा लागली की ते निकामी होते, म्हणून बाटलीत हवेचा बुडबुडाही जाऊ द्यायचा नाही. भाची म्हणते, "मामी, उचलणे, धरणे, टोचणे, ठेवणे, या चारांतच सगळे आहे." मला आदाननिक्षेपण समिती आठवली. वस्तू बघून उचलावी, बघून ठेवावी, एवढेच तर त्यात सांगितले आहे, आणि पाळायला आयुष्य जाते.

जोड बसला की नाही हे डोळ्यांना दिसत नाही. सगळ्या बाटल्या स्वच्छ पाण्यासारख्याच. मग एका कागदाच्या पट्टीवर एक थेंब घालून पट्टीचे टोक ॲसिटोनमध्ये बुडवतात. सुटे टेक्नेशियम पट्टीवर चढत जाते, बांधलेले खालीच राहते. दुसरी पट्टी सलाईनमध्ये, दुसऱ्या प्रकारची अशुद्धी कळायला. दोन्ही मोजून हिशोब करायचा. एमडीपीत किमान नव्वद टक्के नीट बांधलेले हवे. मग एकेका रुग्णाचा डोस भरायचा, तोही घड्याळ बघून. आठ वाजता ज्याला एक मिली पुरते, बारा वाजताच्या रुग्णाला तेवढ्याच ताकदीसाठी दीड मिलीहून थोडे जास्त लागते. लहान मूल असेल तर वजनावरून वेगळे गणित. प्रत्येक सिरिंज शिशाच्या किंवा टंगस्टनच्या आवरणात, त्यावर नाव, वेळ, मात्रा.

आता आमच्या दिवसाचे सांगते. सासूबाईंचे व्रत लक्षात घेऊन भाचीने सकाळची पहिली वेळ मागून घेतली होती. आठला इंजेक्शन, मग तीन तास थांबायचे, त्या वेळात भरपूर पाणी प्यायचे, अकराच्या सुमारास स्कॅन, आणि उरलेला दिवसभर पाणी पिऊन औषध लघवीवाटे बाहेर काढायचे. सूर्यास्ताच्या कितीतरी आधी सगळे उरकले असते. आम्ही घरून उकळलेले पाणी दोन मोठ्या बाटल्यांत नेले होते.

आठ वाजले, साडेआठ झाले. बोलावणे नाही. नऊला कळले की हाडांच्या औषधाची बाटली तपासणीत नापास झाली आहे. नव्वदच्या खाली आली. भाचीने ती बाजूला काढली. सकाळी काढलेल्या टेक्नेशियमपैकी बराच भाग त्याच बाटलीत गेला होता. जे उरले होते ते एका लहान मुलाच्या मूत्रपिंडाच्या तपासणीला आणि हृदयाच्या दोन रुग्णांना गेले, कारण ते थांबू शकत नव्हते. हाडांच्या सगळ्या रुग्णांना गाय पुन्हा भरेपर्यंत, दुपारपर्यंत थांबावे लागणार होते.

माझे दीर चिडले. "घरची मुलगी आत बसली आहे आणि आपल्यालाच ताटकळायचे? थोडे कमी बांधले गेले तर काय बिघडते?" बाकीच्या रुग्णांचे नातेवाईकही कुरकुरत होते. एक गृहस्थ लातूरहून रात्रभर प्रवास करून आले होते. त्यांचे चुकले असे मला वाटत नाही. बाहेरच्या बाकावर बसलेल्याला आतली पट्टी दिसत नाही.

भाची दोन मिनिटे बाहेर आली. सगळ्यांसमोर हात जोडून तिने सांगितले की हे औषध दिले असते तर सुटे टेक्नेशियम गळ्यात आणि पोटात गेले असते, हाडे फिकट आली असती, डॉक्टरांना खात्रीने काही सांगता आले नसते, आणि आठ दिवसांनी पुन्हा इंजेक्शन घ्यावे लागले असते. किरण अंगावर घेतले ते फुकट गेले असते. मग ती आजीजवळ बसली नाही, सरळ आत गेली. मला ते तेव्हा थोडे लागले. नंतर कळले की आतल्या बाटल्यांवर डोळा ठेवायला तिच्याशिवाय त्या दिवशी कुणी नव्हते.

सासूबाई मात्र शांत होत्या. म्हणाल्या, "मर्यादेबाहेरचे पीठ आपण महाराजांच्या आहाराला वापरतो का? दारात महाराज उभे असले तरी नाही वापरत. मग तिने का वापरावे?" दीर गप्प झाले.

दुपारी बाराला पुन्हा दूध काढले, नवी बाटली, नव्या पट्ट्या. या वेळी पास. पाऊणला इंजेक्शन मिळाले. पावणेचारला स्कॅन. त्या तीन तासांत सासूबाईंनी सव्वा लिटर पाणी घोट घोट करून संपवले. स्कॅननंतर सूर्यास्तापर्यंत जेवढे पाणी झेपले तेवढे प्यायल्या आणि सातच्या आत त्यांचा नियम सुरू झाला. डॉक्टरांनी आधीच सांगितले होते की लघवी अडली किंवा त्रास झाला तर रात्रीही पाणी घ्यावेच लागेल, आणि सासूबाईंनी त्याला मान हलवली होती. तशी वेळ आली नाही. अहवाल चौथ्या दिवशी आला. हाडात आजार नाही, कमरेच्या दोन मणक्यांत झीज आहे. त्या रात्री घरात सगळे व्यवस्थित झोपले.

नंतर मी भाचीला विचारले, आजीची सिरिंज भरताना काय वाटले? ती म्हणाली, "आजीचे नाव वाचले आणि मग मुद्दाम विसरले. माझ्या हाताला सगळी नावे सारखी नसतील तर मी या खोलीत बसू नये."

आता उरलेल्या दोन प्रश्नांकडे येते.

अंगात राहते का? सहा तासांनी निम्मे होते आणि लघवीवाटे बाहेरही पडते, त्यामुळे दुसऱ्या दिवसापर्यंत फारच थोडे उरते. एका बोन स्कॅनचे किरण साधारण चार ते पाच मिलिसिव्हर्ट. आपल्या सगळ्यांना जमीन, हवा, आकाश यांच्याकडून वर्षाला जागतिक सरासरीने २.४ मिलिसिव्हर्ट मिळतातच. सासूबाईंनी विचारले की देवळात जाऊ का. भाचीने सांगितले की आज गर्दीत नको, लहान मुले आणि गरोदर बायका असतात, उद्या खुशाल जा. हा विटाळ नाही, विझत जाणारा दिवा आहे. आमच्या दोन वर्षांच्या नातवाला त्या संध्याकाळी आजीच्या मांडीवर बसू दिले नाही, तेवढेच.

भाचीचे काय, हाही प्रश्न बायका विचारतात. दोन वर्षांपूर्वी एका चांगल्या घराने तिच्या नोकरीचे कारण देऊन स्थळ मोडले. "पुढे मुलेबाळे नीट होतील का," असे त्यांनी मध्यस्थामार्फत विचारले होते. तिच्या बॅजची दर तीन महिन्यांनी तपासणी होते. देशात अणुऊर्जा नियामक मंडळाने घातलेली मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आहे आणि कोणत्याही एका वर्षी ३० च्या वर जायचे नाही. तिचे आकडे त्याच्या कितीतरी खाली असतात. गरोदर बाईसाठी मर्यादा आणखी कडक असते आणि काम बदलून देतात. तिच्या बरोबरच्या बायकांना धडधाकट मुले आहेत. शिशाच्या भिंतीमागे सावध बसणाऱ्या मुलीची भीती वाटते आणि बंद खोलीत धूर करणाऱ्या चुलीची वाटत नाही, हे मला नेहमी विचित्र वाटते. आपल्यापैकी कुणाच्या घरी स्थळे बघणे चालू असेल, तर एवढे लक्षात ठेवा.

आणि औषधात कुणा जिवाचे काही आहे का? इथे सरळ उत्तर देते. हाडांच्या औषधात, एमडीपीत, प्राणिज काही नसते. फुफ्फुसाच्या एका तपासणीत माणसाच्या रक्तातले अल्ब्युमिन वापरतात. सल्फर कोलॉइड नावाच्या औषधाच्या काही बनावटींत जिलेटिन असते. थायरॉईडसाठीचे किरणोत्सर्गी आयोडीन जिलेटिनच्या कॅप्सूलमध्येही मिळते आणि द्रवरूपातही. पोट किती वेळात रिकामे होते हे बघायच्या तपासणीत औषध अन्नात मिसळून खायला देतात, परदेशात त्यासाठी अंडे वापरण्याची रीत आहे, आपल्याकडे काही ठिकाणी इडली वापरतात. म्हणून आधी विचारायचे. शिवाय शिरेतून द्यायच्या औषधांत जंतूंचे विष नाही ना, हे तपासायला आजवर हॉर्सशू क्रॅब नावाच्या समुद्री जिवाच्या रक्तापासून केलेला द्रव वापरत आले आहेत. रक्त काढून त्यांना समुद्रात सोडतात, पण काही मरतात. ही गोष्ट नुसत्या स्कॅनच्या औषधाची नाही, सलाईन आणि लशींनाही लागू आहे. आता कृत्रिम द्रवही निघाला आहे, तो सगळीकडे लवकर यावा.

हे ऐकून सासूबाई बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या की आपण गृहस्थ आहोत, संकल्पी हिंसा आपल्या हातून होऊ नये एवढे तरी पाळायचे, आणि जी टळत नाही तिची जाणीव ठेवायची. त्या दिवशीच्या प्रतिक्रमणात त्यांनी त्या न पाहिलेल्या जिवाचीही क्षमा मागितली. प्रत्येकीने असेच करावे असे मी सांगत नाही. मनात शंका असेल तर आपापल्या गुरूंना विचारा. पण तपासणी लांबवू नका. आजार वाट बघत नाही.

ज्यांच्या घरी असा स्कॅन ठरला आहे, त्यांच्यासाठी थोडक्यात. व्रत, उपवास, रात्री पाणी न पिण्याचा नियम, जे असेल ते वेळ ठरवतानाच सांगा, सकाळची वेळ मिळू शकते. औषधात काय आहे ते आदल्या दिवशी विचारा, सिरिंज समोर आल्यावर नाही, कारण तोपर्यंत ते तुमच्या नावाने तयार झालेले असते आणि दुसऱ्या कुणाच्या उपयोगी पडेलच असे नाही. गरोदर असाल, तशी शंका असेल, किंवा बाळ अंगावर पीत असेल तर न लाजता सांगा. वेळेवर पोहोचा, कारण तुमच्या उशिराबरोबर तुमचे औषधही विझत असते. आणि कधी आतून निरोप आला की आज औषध नापास झाले, थांबावे लागेल, तर रागावू नका. आत कुणीतरी पहाटेपासून उभे आहे आणि तुमच्यासाठी ते टाकून दिले आहे.

काही विचारायचे असेल तर विचारा. मला माहीत नसेल ते भाचीला विचारून सांगेन, पण तिला दुपारनंतरच फोन लागतो.

जय जिनेंद्र.